गावाच्या पाण्याचा ताळेबंद: बदलत्या पावसात भूजल कसे टिकवावे आणि त्यासाठी कोणत्या योजना उपयोगी पडतात

प्रस्तावना

पाऊस बरा झाला, नाले वाहिले, तलावही भरला. तरी फेब्रुवारी संपताच विहिरी तळ गाठतात आणि एप्रिलमध्ये टँकरची मागणी करावी लागते. देशातील अनेक गावांचा हा अनुभव आहे. अशा वेळी पहिला विचार येतो तो आणखी एक बोअर घेण्याचा. कर्ज काढून बोअर घेतली जाते, दोन-तीन वर्षे चालते, मग तीही आटते. कर्ज मात्र फेडायचे राहते.

गावाला एकूण किती पाणी मिळते आणि गाव किती पाणी वापरते, याचा हिशेब मांडला तर हे चक्र थांबवता येते. या हिशेबाला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अटल भूजल योजना, जल जीवन मिशन आणि पाणलोट विकासाच्या कामांत हा ताळेबंद नियोजनाचा पाया मानला जातो. तो कसा करायचा, त्यातून कोणते निर्णय निघतात आणि त्या निर्णयांना कोणत्या योजनांचे पाठबळ मिळू शकते, याची माहिती या लेखात दिली आहे.

पावसाची रीत कशी बदलली आहे?

भारतात वर्षभराच्या पावसापैकी सुमारे ७५ टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हवा जितकी उष्ण, तितकी जास्त वाफ ती धरून ठेवते. त्यामुळे पाऊस लांबतो, आणि पडतो तेव्हा थोड्या वेळात खूप कोसळतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या.

भूजलाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. दहा दिवस रिमझिम पडलेला १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरतो. तोच १०० मिलिमीटर पाऊस तीन तासांत पडला तर बहुतेक पाणी माती घेऊन वाहून जाते. म्हणजे पर्जन्यमापकावरचा आकडा सरासरीइतका असूनही विहिरीला पाणी कमी मिळू शकते. 'पाऊस तर झाला, मग पाणी गेले कुठे?' या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग हा आहे. दुसरा भाग आपल्या वापरात आहे.

देशातील भूजलाची स्थिती

केंद्रीय भूजल मंडळ राज्यांच्या यंत्रणांसह भूजलाचे मूल्यांकन करते. २०२४ च्या मूल्यांकनानुसार:

• देशात वर्षाला उपसता येण्याजोगे भूजल सुमारे ४०६ अब्ज घनमीटर आहे. प्रत्यक्ष उपसा सुमारे २४६ अब्ज घनमीटर, म्हणजे जवळपास ६० टक्के आहे.
• तपासलेल्या ६,७४६ घटकांपैकी (तालुके, विकासखंड, पाणलोट क्षेत्रे इत्यादी) ७५१ घटक अतिशोषित आहेत. तेथे जितके पाणी मुरते त्यापेक्षा जास्त उपसले जाते.
• एकूण उपशापैकी सुमारे ८७ टक्के पाणी शेतीसाठी वापरले जाते.

उपसा ७० टक्क्यांपर्यंत असेल तर तो घटक सुरक्षित, ७० ते ९० टक्के असेल तर अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के असेल तर शोषित आणि १०० टक्क्यांच्या पुढे गेला तर अतिशोषित समजला जातो. पंजाब, राजस्थान आणि हरियाणा या राज्यांची सरासरीच १०० टक्क्यांच्या वर आहे. आपला तालुका कोणत्या वर्गात येतो हे केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात पाहता येते. महाराष्ट्रात ही माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातही मिळते.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा?

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळते. एवढे सूत्र लक्षात ठेवले की पुढचा हिशेब शाळेतील मुलेही करू शकतात. समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. शिवार १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, मोठी जनावरे ८००, पाऊस ५०० मिलिमीटर.

पायरी १: जमा बाजू

• शिवारात पडलेले एकूण पाणी: १,००० × ५०० × १० = ५० लाख घनमीटर.
• यातील मोठा भाग बाष्पीभवनात, मातीच्या ओलीत आणि वाहून जाण्यात जातो. किती पाणी खडकापर्यंत पोहोचेल हे भूस्तरावर अवलंबून असते. मूल्यांकनात गंगेच्या गाळाच्या मैदानासाठी सुमारे २२ टक्के, तर दख्खनच्या झिजलेल्या बसाल्टसाठी सुमारे ७ टक्के धरले जाते. आपण उदाहरणासाठी १० टक्के धरू. मुरलेले पाणी ५ लाख घनमीटर.
• ओढ्या-झऱ्यांतून नैसर्गिकरीत्या बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी १० टक्के सोडू: ५०,००० घनमीटर.

पायरी २: आधी पिण्याचे पाणी

• माणसांसाठी: जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे दरडोई दररोज ५५ लिटर. २,००० × ५५ × ३६५ = सुमारे ४०,१५० घनमीटर.
• जनावरांसाठी: दररोज ५० लिटर धरल्यास ८०० × ५० × ३६५ = १४,६०० घनमीटर.
• शेतीसाठी उरलेले पाणी: ५,००,००० − ५०,००० − ५४,७५० = ३,९५,२५० घनमीटर.

पायरी ३: पिकांची मागणी

• ऊस २० हेक्टर: पावसाव्यतिरिक्त हेक्टरी १६,००० घनमीटर. एकूण ३,२०,०००.
• रब्बी कांदा ४० हेक्टर: हेक्टरी ४,५००. एकूण १,८०,०००.
• गहू ५० हेक्टर: हेक्टरी ४,५००. एकूण २,२५,०००.
• एकूण मागणी ७,२५,००० घनमीटर.

पायरी ४: शिल्लक की तूट?

३,९५,२५० मधून ७,२५,००० वजा केले की सुमारे ३ लाख ३० हजार घनमीटरची तूट येते. ही तूट खडकात आधीपासून साठलेल्या पाण्यातून भागवली जाते. झिजलेल्या बसाल्टमध्ये खडकाच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्केच पाणी उपशाला मिळते. त्या हिशेबाने एवढ्या तुटीमुळे संपूर्ण शिवारातील भूजल पातळी वर्षाला सरासरी दीड मीटरहून अधिक खाली जाईल. दहा-बारा मीटर खोलीच्या विहिरी किती वर्षे टिकतील हे यावरून समजते.

आणखी एक आकडा पाहावा. या गावात माणसांना वर्षभर प्यायला जितके पाणी लागते, तितके केवळ अडीच हेक्टर उसाला लागते. म्हणजे गावाला प्यायला पाणी कमी पडावे इतका पाऊस कमी नाही. ते पाणी आधी दुसरीकडे वापरले जाते आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन रांगेत उभे राहावे लागते.

(वरील आकडे पद्धत समजावण्यासाठी आहेत. आपल्या गावासाठी स्थानिक पाऊस, भूस्तर आणि पिकांचे आकडे भूजल व कृषी विभागाकडून घ्यावेत.)

तूट कशी भरून काढावी?

नवे बंधारे बांधून जमा बाजू वाढवता येते, पण तिला मर्यादा आहे. मिशन अमृत सरोवर या उपक्रमाची सुरुवात २४ एप्रिल २०२२ रोजी झाली. त्यातील एका तलावाची क्षमता सुमारे १०,००० घनमीटर असते. आपल्या उदाहरणातील तूट भरायला असा तलाव ३३ वेळा पूर्ण भरून पूर्ण मुरावा लागेल. शिवाय वरच्या गावाने सगळे पाणी अडवले तर खालच्या गावाची जमा बाजू घटते. म्हणून पाणी अडवण्याबरोबर मागणी कमी करणेही आवश्यक आहे.

त्याच गावाने पीकपद्धत बदलली तर पुढीलप्रमाणे हिशेब बसतो:

• ऊस ५ हेक्टर, ठिबकवर: हेक्टरी १०,००० प्रमाणे ५०,००० घनमीटर.
• कांदा ४० हेक्टर, ठिबक किंवा तुषारवर: हेक्टरी ३,३०० प्रमाणे १,३२,०००.
• हरभरा ७० हेक्टर: हेक्टरी २,००० प्रमाणे १,४०,०००.
• गहू १५ हेक्टर: हेक्टरी ४,५०० प्रमाणे ६७,५००.
• एकूण ३,८९,५०० घनमीटर.

बागायतीचे क्षेत्र ११० हेक्टरवरून १३० हेक्टर झाले आणि ताळेबंदात थोडे पाणी शिल्लकही राहिले. मात्र हा बदल कागदावर जितका सोपा, तितका प्रत्यक्षात नाही. १५ हेक्टर ऊस कमी होतो तेव्हा काही कुटुंबांचे हमखास उत्पन्न कमी होते. म्हणून ग्रामसभेत त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. ठिबकचे अनुदान, हरभऱ्याची हमीभावाने खरेदी, बियाणे यांत त्यांना प्राधान्य मिळेल असे ठरवावे. ज्यांना झळ बसते त्यांनाच विश्वासात घेतले नाही तर ठराव वहीत राहतो आणि मोटारी रात्री चालू होतात.

कमी पावसाच्या वर्षी काय करावे?

समजा त्याच गावात ५०० ऐवजी ३०० मिलिमीटर पाऊस झाला. वरच्याच पद्धतीने शेतीसाठी सुमारे २ लाख १५ हजार घनमीटर पाणी उरते, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून थोडे अधिक. हे ऑक्टोबरमध्येच कळले तर गहू-कांद्याची लागवड कमी करता येते, ज्वारी-हरभरा वाढवता येतो आणि बियाणे-खतांचा खर्च वाचतो. फेब्रुवारीत कळले तर उभे पीक वाळताना पाहावे लागते. म्हणून ताळेबंद पावसाळा संपताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी मांडावा आणि दरवर्षी मांडावा.

देशातील काही अनुभव

• हिवरे बाजार, महाराष्ट्र: कमी पावसाच्या पट्ट्यातील या गावाने माथा ते पायथा पाणलोटाची कामे केली. पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. सिंचनासाठी बोअरवेल आणि उसासारखी जास्त पाण्याची पिके यांवर गावाने स्वतःच बंधन घातले. या कामाचे नेतृत्व करणारे पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.
• अलवर, राजस्थान: तरुण भारत संघाच्या मदतीने १९८५ पासून गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे मातीचे अर्धवर्तुळाकार बांध, पुन्हा उभे केले. अरवरी नदीकाठच्या गावांनी पाणीवापराचे नियम ठरवण्यासाठी 'अरवरी संसद' स्थापन केली.
• सिक्कीम: डोंगरातील झरे आटू लागल्यावर राज्याने २००८ मध्ये धारा विकास कार्यक्रम सुरू केला. झऱ्याला पाणी कोठून मिळते हे भूशास्त्राच्या आधारे शोधून त्या उतारावर चर खोदले गेले.
• हरियाणा: भूजल खालावलेल्या भागात भाताऐवजी मका, कडधान्ये यांसारखी पिके घेणाऱ्यांना २०२० मध्ये 'मेरा पानी मेरी विरासत' योजनेतून एकरी ७,००० रुपये साहाय्य देण्यात आले.

या ठिकाणचा पाऊस, जमीन, पिके सारे वेगळे आहे. पाणी सामाईक आहे हे मान्य करून त्याचा वापर एकत्र बसून ठरवला गेला, एवढी गोष्ट त्यांच्यात समान आहे.

उपयोगी पडणाऱ्या योजना

१. अटल भूजल योजना: २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरुवात. एकूण तरतूद ६,००० कोटी रुपये, त्यापैकी निम्मी रक्कम जागतिक बँकेच्या कर्जातून. गुजरात, हरियाणा, कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींसाठी एप्रिल २०२० पासून पाच वर्षांसाठी ही योजना आखण्यात आली. भूजलाची माहिती खुली करणे, लोकसहभागातून जलसुरक्षा आराखडा करणे, विविध योजनांचा निधी एकत्र आणणे, पाण्याचा काटकसरीने वापर आणि पातळीतील घसरण थांबवणे या कामगिरीवर राज्यांना निधी देण्याची तरतूद होती. आपले गाव या यादीत नसले तरी आराखड्याची पद्धत कोणत्याही ग्रामपंचायतीला वापरता येते.

२. सूक्ष्म सिंचन (प्रति थेंब अधिक पीक): ठिबक व तुषार संचासाठी ठरलेल्या खर्चावर अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान. मर्यादा प्रति लाभार्थी ५ हेक्टर. काही राज्ये यात स्वतःची भर घालतात. महाराष्ट्रात पूरक अनुदानासह हे प्रमाण अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. इतर राज्यांतील वाचकांनी तालुका कृषी किंवा फलोत्पादन कार्यालयात चौकशी करावी.

३. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजना, पाणलोट विकास घटक २.०: सलग समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध, गॅबियन बंधारे यांसारखी कामे. खर्चाचा निकष मैदानी भागात हेक्टरी २२,००० रुपये, डोंगराळ भागात २८,००० रुपये. प्रकल्प समूहाने मंजूर होतात, वैयक्तिक अर्ज नसतो.

४. जल जीवन मिशन: १५ ऑगस्ट २०१९ पासून. घरोघरी नळाबरोबर पाण्याचा स्रोत टिकवणे हाही योजनेचा भाग आहे. गावाच्या पाणी समितीत किमान निम्म्या महिला असणे अपेक्षित आहे.

५. वित्त आयोगाचा निधी: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ३० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन व पुनर्वापरासाठी राखीव ठेवली होती.

६. ग्रामीण रोजगार योजनेतील कामे: तलावातील गाळ काढणे, चर, शेततळी, वृक्षलागवड. यासाठी काम ग्रामसभेच्या आराखड्यात असणे आवश्यक असते.

गावाने सुरुवात कोठून करावी?

१. ग्रामपंचायत किंवा शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी एकाच वेळी नोंद घ्या आणि फलकावर लिहा.
२. शिवाराच्या वेगवेगळ्या भागांतील आठ-दहा विहिरी निवडा. महिन्यातून एकदा दोरी किंवा टेपने पाण्याची पातळी मोजा. त्या दिवशी काही तास आधी मोटार बंद ठेवा.
३. पीकपाहणीच्या नोंदीवरून पिकांखालचे क्षेत्र, तसेच चालू विहिरी व बोअर यांची संख्या लिहून काढा.
४. ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत ताळेबंद वाचून दाखवा. पाणी भरणाऱ्या महिला आणि भूमिहीन कुटुंबे सभेला असतील याची काळजी घ्या. टंचाईची झळ त्यांना आधी बसते.
५. पिण्याच्या पाण्यासाठी राखीव विहीर ठरवा. रब्बीची पीकमर्यादा, नव्या बोअरविषयीचा नियम आणि करावयाची कामे ठरावात लिहा.
६. ठराव ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करा. योजनांचा निधी मागताना त्याचा आधार मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: बोअर आणखी खोल घेतली तर पाणी मिळणार नाही का?
उत्तर: कठीण खडकात बहुतेक पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते. खाली जाल तसतशा भेगा कमी होतात. खोलवर लागलेले पाणी पुष्कळदा जुन्या साठ्यातले असते आणि ते लवकर भरून येत नाही. काही भागांत खोल पाण्यात फ्लोराइडचे प्रमाणही जास्त आढळते.

प्रश्न: ठिबक बसवले म्हणजे पाणी वाचलेच ना?
उत्तर: तेवढ्याच क्षेत्राला वापरले तर वाचते. वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र भिजवले तर उपसा तेवढाच राहतो, कधी वाढतोही. म्हणून ठिबकबरोबर क्षेत्राची मर्यादाही ठरवावी.

प्रश्न: शेततळे हवे की नको?
उत्तर: पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवणारे शेततळे उपयुक्त आहे. मात्र विहीर-बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवले तर ते उन्हाने उडून जाते आणि शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी खाली जाते.

प्रश्न: माझ्या जमिनीतील पाणी माझे नाही का?
उत्तर: १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यामुळे जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क मानला गेला आहे. पण खडकातील पाणी बांध ओळखत नाही. तुमच्या बोअरला येणारे पाणी शेजारच्या रानातूनही येते. त्यामुळे अनेक राज्यांनी स्वतंत्र भूजल कायदे केले आहेत. महाराष्ट्राच्या २००९ च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आहे. सिंचनासाठी भूजल काढण्यास केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट आहे. त्यामुळे शेतीच्या उपशावर परिणामकारक मर्यादा बहुतेक ठिकाणी गावानेच घालून घ्यावी लागते.

लक्षात ठेवा

यंदा पाऊस किती पडेल हे आपल्या हातात नाही. पडलेल्या पावसातून किती पाणी मुरवायचे आणि मुरलेले पाणी आधी कोणाला द्यायचे, हे गाव ठरवू शकते. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'पाण्याचा ताळेबंद' हा विषय घेण्याची लेखी मागणी ग्रामपंचायतीकडे करा. पर्जन्यमापक आणि विहिरींच्या पातळीची वही यंदाच्या पावसाळ्यापासूनच सुरू करा.